आगीचा बंब रंगवून झाल्यावर

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या दिवसांत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो. या निमित्ताने शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, घोषवाक्यांचे तक्ते लागतात, बालवाडीत पतंगी कागदाच्या लाल-पिवळ्या ज्वाळा चिकटवल्या जातात, पुठ्ठ्याच्या खोक्याला बाटल्यांची चार झाकणे लावून आगीचा बंब तयार होतो. हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. ही हस्तकला मुलाला आगीपासून वाचवायला कितपत उपयोगी पडते, कोणत्या अटींवर पडते आणि कुठे तिचा काहीच उपयोग होत नाही, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. झालेले अभ्यास, इतर देशांचे अनुभव आणि आपल्या घरांतल्या आगीच्या खऱ्या जागा एकत्र ठेवून पाहिल्या, तर माझ्या मते उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मुलाने हाताने केलेली वस्तू पुढे एखाद्या कृतीच्या सरावासाठी वापरली गेली तर ती शिकवते. ती भिंतीवर लागून तिथेच राहिली तर मुलाच्या लक्षात आगीचा रंग तेवढा राहतो.

या हस्तकलेचा बराचसा साचा अमेरिकेतला आहे. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो शहर जळाले, त्या आगीच्या स्मृतिदिनाला जोडून १९२२ पासून तिथे अग्निप्रतिबंध सप्ताह पाळला जाऊ लागला. १९५१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने ‘स्पार्की’ नावाचा ठिपकेदार कुत्रा मुलांसाठी पुढे आणला. घोड्यांनी ओढायच्या बंबांच्या काळात डाल्मेशियन कुत्री घोड्यांबरोबर पळत असत, म्हणून ठिपके. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोतल्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेच्या आगीत ९२ मुले आणि ३ नन्स मृत्युमुखी पडल्या आणि शाळांच्या इमारतींचे नियम कडक करण्याला वेग आला. त्यानंतर १९७९ मध्ये त्याच संघटनेने ‘लर्न नॉट टु बर्न’ हा अभ्यासक्रम आणला. आग वाईट असते हे सांगण्यापेक्षा मुलाने नेमके काय करायचे ते शिकवणे, असा त्याचा भर होता. बोधचिन्हापासून कृतीपर्यंत यायला अमेरिकेलाही जवळपास तीन दशके लागली. आपल्या वर्गांत मात्र त्या प्रवासाचा पहिला टप्पाच जास्त पोचला आहे: ठिपकेदार कुत्रा, फुटपाथवरचा लाल नळखांब, छताला लावलेला धूरसूचक. आपल्याकडच्या बहुतेक घरांत धूरसूचक नसतोच. मुलाने पुठ्ठ्याची चकती कापून, बटण चिकटवून सुंदर धूरसूचक बनवला, तरी घरी गेल्यावर छताकडे बघून त्याला तो कुठेच दिसत नाही. शिवाय ज्या देशांत तो आहे तिथेही तो पुरेसा ठरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डोरोथी ब्रक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपलेली बरीचशी मुले त्याच्या आवाजाने जागी झालीच नव्हती. म्हणजे ती चकती करून घेताना, रात्री मुलाला कोण उठवणार हे ठरवायचे काम मोठ्यांसाठी शिल्लक राहतेच.

सुरक्षिततेचा नियम सांगता येणे आणि वेळ आल्यावर तो पाळता येणे यांत केवढे अंतर असते, हे गेल्या चाळीसेक वर्षांत वारंवार तपासले गेले आहे. १९८१ मध्ये रसेल जोन्स, ॲलन कॅझडिन आणि ज्युडिथ हॅनी यांनी तिसरीतल्या पाच मुलांना घरात आग लागल्यावरच्या नऊ प्रसंगांत काय करायचे ते शिकवले. पद्धत साधी होती: पायरी सांगायची, करून दाखवायची, मुलाकडून करून घ्यायची, चुकले तर तिथेच सुधारायचे. शिकवण्याआधी जवळजवळ काहीच न जमणाऱ्या मुलांना या सरावानंतर पलंगावरून खाली सरकणे, दार तपासणे, रांगत बाहेर पडणे असे क्रम जमू लागले. दुसरा अभ्यास आगीचा नाही, पण आपल्या प्रश्नाला तो जास्त थेट भिडतो. अमेरिकेत मुलांना बंदुकीपासून दूर ठेवण्यासाठी ‘एडी ईगल’ नावाचा कार्यक्रम शाळांत चालतो. त्यात एक गरुड असतो, रंगवायची पुस्तिका असते, चित्रफीत असते. हिम्ले, मिल्टेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा कार्यक्रम शिकलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना नियम छान सांगता आले. पण खोलीत निकामी केलेली खरी बंदूक समोर आली तेव्हा त्यांना तो पाळता आला नाही. प्रत्यक्ष सराव केलेली मुले देखरेखीखालच्या तालमीत बरी ठरली, पण खऱ्या प्रसंगात त्यांनाही ते साधले नाही. रंगवणे वाया गेले असा याचा अर्थ मी काढत नाही. रंगवण्याने मुलाच्या तोंडी नियम येतो, एवढे काम ते करते, आणि इतके लहान मूल ते शिकते हेही थोडे नाही. हाताच्या, पायांच्या आणि दाराच्या कडीच्या कामासाठी मात्र वेगळी तजवीज लागते. हस्तकलेने ती तजवीज करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. तिला ते अगदी सहज जमण्यासारखे आहे, कारण हस्तकलेतून हातात एक वस्तू येते आणि वस्तूभोवती खेळ रचता येतो.

ही वस्तू कशाची असावी, हे ठरवायला आपल्या मुलांना आग कुठे भेटते ते आधी पाहावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसे भाजल्यामुळे मरतात, त्यातली बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. पाच वर्षांखालच्या मुलांचे भाजणे बहुतांशी ज्वाळेने होतच नाही, गरम द्रवाने होते: आंघोळीसाठी काढलेले कढत पाणी, जमिनीवर उतरवून ठेवलेले आमटीचे पातेले, चहाचा कप. लाल-पिवळ्या कागदाच्या एकाही कलाकृतीत हे पातेले नसते. त्यानंतर येतात समई, निरांजन, कापूर, होळी, फुलबाज्या, भुईनळे, बादलीत सोडलेला पाणी तापवायचा रॉड, गॅसची शेगडी, खेड्यांत चूल. अमेरिकेतल्या मुलाला ‘आगीला कधीच हात लावू नकोस’ असे सांगता येते, कारण त्याच्या दिवसात उघडी ज्योत क्वचितच येते. आपले मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी आरतीच्या तबकाजवळ उभे असते, मोठ्यांच्या हाताला धरून फुलबाजी पेटवते, होळीसाठी गोवऱ्या गोळा करते. त्याला ‘कधीच नाही’ म्हणणे हा नियम पहिल्याच सणाला मोडतो आणि मोडलेला नियम मूल पुढे जुमानत नाही. म्हणून आपल्याकडची हस्तकला ‘कुठे, कुणाबरोबर, किती अंतरावरून, झाल्यावर काय’ या प्रश्नांवर उभी राहिली पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या परिसरातल्या बिया, शिंपले, पाने, माती यांच्या साधनांवर चालवल्या. मुलाच्या भोवतालातूनच शिकवायचे हा विचार मराठी बालशिक्षणात तेव्हापासून रुजलेला आहे. आगीच्या बाबतीत मात्र आपण परक्या भोवतालाची चित्रे आणून बसलो.

उपयोगी पडू शकणाऱ्या वस्तूंमध्ये मी पहिला मान बुटांच्या खोक्याच्या घराला देईन. खोक्याची एक बाजू कापून खोल्या पाडायच्या, पुठ्ठ्याची दारे बिजागरीसारखी दुमडायची, खिडक्या कोरायच्या आणि कापडाचा बोटभर बाहुला करायचा. मग छताखाली काळ्या जाळीच्या कापडाची पट्टी अशी अडकवायची की ती दोऱ्याने हळूहळू खाली उतरवता येईल. हा धूर. आगीत सापडलेल्या माणसांचे मृत्यू ज्वाळेपेक्षा धुराने जास्त होतात आणि गरम धूर आधी वर साठतो, जमिनीजवळ श्वास घेण्याजोगी हवा सर्वात शेवटी संपते, या दोन गोष्टी कितीही समजावल्या तरी सात वर्षांच्या मुलाला अमूर्तच राहतात. पट्टी खाली येते, उभ्या बाहुल्याचे डोके त्यात जाते, मूल आपोआप बाहुल्याला आडवा करते आणि सरपटवत दाराकडे नेते. इथे थांबायचे नाही. वर्गातली बाके बाजूला करून, दोन मुलांनी चादर कमरेच्या उंचीवर धरायची आणि बाकीच्यांनी तिच्याखालून रांगत दारापर्यंत जायचे. दाराला हाताची मागची बाजू लावून ते तापले आहे का पाहायचे, तापले असेल तर उघडायचे नाही. खोक्यातले घर आणि चादरीखालचे रांगणे एकाच तासात झाले तर हस्तकला आणि सराव जोडले जातात. यात एक सूक्ष्म अडचण आहे आणि शिक्षकाने ती टाळू नये. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली, जमिनीलगत साठतो. धुरात खाली वाकायचे शिकलेल्या मुलाला गॅसचा वास आल्यावर वेगळे वागायचे असते: दिव्याचे बटण दाबायचे नाही, पंखा लावायचा नाही, काडी ओढायची नाही, मोठ्यांना हाक मारत सरळ बाहेर पडायचे. गॅसला मुद्दाम दिलेला उग्र दर्प याचसाठी असतो. म्हणून दुसरे खोके करावे, त्यात जमिनीलगत निळी पट्टी लावावी आणि भिंतीवरच्या बटणांवर लाल फुल्या माराव्यात. दोन्ही खोकी शेजारी ठेवली की मुले फरक स्वतःच मांडतात. त्यांना तो घोकवावा लागत नाही. गॅसगळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक त्या दुसऱ्या खोक्यावर लिहिण्याची जागा आहे.

याच खोक्यातून घराचा नकाशा निघतो आणि तिथे हस्तकला मोठ्यांच्या अंगावर येते. दिवाळीत मातीचा किल्ला बांधणाऱ्या मुलांना महादरवाजा आणि चोरदिंडी यांतला फरक सांगावा लागत नाही. त्याच मुलांना आपल्या घराचा नकाशा काढून मुख्य दार बंद झाले तर दुसरी वाट कोणती, एवढा एक प्रश्न विचारावा. चाळीतल्या एका खोलीला दुसरी वाट नसते. इमारतीतल्या सदनिकेच्या खिडक्यांना चोरांच्या भीतीने जाळ्या ठोकलेल्या असतात आणि त्यांना आतून उघडणारी झडप नसते. जिन्यात सायकली, चपलांची कपाटे, जुने सामान. मुलाने रंगीत खडूने काढलेली दुसऱ्या वाटेची रेघ त्या जाळीपाशी येऊन थांबते तेव्हा पालकांसाठी तो साधा, पण पुरता तपासणी अहवाल असतो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार आगीच्या यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. शाळेने नकाशाची हस्तकला या दोन महिन्यांत घेतली आणि मुलांकरवी सोसायटीच्या सचिवांपर्यंत पोचवली, तर कायद्याच्या कागदाला एक माणसाळलेली जोड मिळेल. मुलाने सोसायटीत वाद घालावा असे मी सुचवत नाही. नकाशा द्यायचा आणि उत्तर मोठ्यांनी द्यायचे.

बाकीच्या वस्तू लवकर सांगून होतील. पुठ्ठ्याचा फोन करावा, पण त्यावर १०१ आणि ११२ लिहून थांबू नये. समोर दुसरे मूल बसवून नाव, पत्ता, मजला, जवळची खूण हे सगळे न अडखळता बोलून घ्यावे, कारण घाबरलेल्या मुलाला क्रमांक आठवतो आणि पत्ता आठवत नाही. अग्निशामकाची कागदी टोपी करण्यापेक्षा त्याचा श्वसनमुखवटा करावा. धुरात मुखवटा घातलेली, नळीतून घरघर श्वास घेणारी आकृती दिसली की लहान मुले पलंगाखाली लपतात, हे अग्निशमन दलांना ठाऊक आहे. तोच मुखवटा मित्राच्या तोंडावर पाहिलेल्या मुलाला तो ओळखीचा वाटतो. कपडे पेटल्यावर थांबायचे, आडवे व्हायचे, चेहरा झाकून लोळायचे, हे बाहुल्याला लाल रिबन टाचून करून घेता येते. मात्र कपडे पेटले तरच लोळायचे, घरात धूर झाला म्हणून नाही, हे त्याच वेळी सांगितले पाहिजे, नाहीतर बाहेर पळायच्या ऐवजी मूल लोळू लागेल. भाजल्यावर काय करायचे यासाठी वीस मिनिटांची तबकडी हा मला सर्वात मोलाचा प्रकार वाटतो. भाजलेल्या जागेवर वाहते गार पाणी वीस मिनिटे सोडावे, बर्फ लावू नये, हा आज जगभर मान्य असलेला प्रथमोपचार आहे. आपल्या घराघरांत मात्र टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस चालतो. पुठ्ठ्याच्या तबकडीवर वीस घरे, फिरणारा काटा, वर नळाचे चित्र, आणि ती स्वयंपाकघरात लावायची. वीस मिनिटे किती लांब असतात हे मुलाला आणि आजीलाही तेव्हाच कळते. दिवाळीसाठी एक पत्र्याची बादली रंगवून घ्यावी, तीत पाणी भरून अंगणात ठेवायची आणि विझलेली प्रत्येक फुलबाजी तीत टाकायची. फुलबाजीचे तापमान हजार अंश सेल्सियसच्या घरात जाते आणि ती विझल्यावरही तार बराच वेळ चटका देते, म्हणून अनवाणी पाय भाजतात. ही बादली शोभेची नाही, ती त्याच रात्री वापरात येते, आणि वापरात येणारी हस्तकला म्हणजे काय याचे ते सर्वात सोपे उदाहरण आहे.

कृतीतून शिकवण्याचा हा विचार जपानमध्ये फार पूर्वी रुजला. तिथल्या मुलांना आपत्तीच्या वेळी बाहेर पडताना चार गोष्टी न करण्याचे सूत्र शाळेत शिकवतात: ढकलायचे नाही, पळायचे नाही, बोलायचे नाही, परत फिरायचे नाही. कामिशिबाई या कागदी चित्रकथेच्या पारंपरिक प्रकाराचा वापर आपत्तीच्या शिक्षणासाठी होतो. हिवाळ्यात लाकडाच्या दोन टिपऱ्या वाजवत, आग सांभाळा असा पुकारा करत गल्लीतून फिरण्याची जुनी रीत अजून काही वस्त्यांत टिकून आहे आणि तीत मुलेही सामील होतात. त्या टिपऱ्यांत कलाकुसर जवळजवळ नाही, पण त्या मुलाला घराबाहेर काढतात आणि शेजाऱ्यांच्या कानावर काहीतरी घालतात. आपल्याकडे वासुदेव, पोतराज, गोंधळी यांच्या वाद्यांनी गल्ली जागी होण्याची परंपरा आहे, होळीच्या आधी मुलांच्या टोळ्या दारोदार फिरतात. फेरी नवी शोधायची गरज नाही, तिच्या तोंडी काय घालायचे तेवढे ठरवायचे आहे.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला भीतीचा. आगीची, धुराची, जळण्याची तालीम लहान मुलांकडून करून घेतली तर ती घाबरतील, रात्री दचकून उठतील, असे पालक म्हणतात आणि ते खोटे नाही. पण भीती वाढते ती भयंकर चित्र दाखवून हातात काहीच न दिल्याने. पोस्टर स्पर्धेत जळणारे घर आणि रडणारी माणसे काढायला लावणे हे नेमके तेच आहे. खोक्यातल्या घरात बाहुला दरवेळी सुखरूप बाहेर येतो, मूल स्वतः त्याला आणते. दुसरा आक्षेप आकर्षणाचा: कागदी ज्वाळा इतक्या सुंदर होतात की मुलाला आगीची ओढच लागायची. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि ज्वाळा हा हस्तकलेचा विषय नसावा असे त्यावरून ठरवतो. शेकोटीच्या कागदी प्रतिकृतीतून सुरक्षिततेचा कोणताच नियम निघत नाही. तिसरा आक्षेप कलाशिक्षकांचा असतो. मुलाच्या चित्राला उपदेशाला जुंपले की ते मरते, म्हणून कला मोकळी सोडा. यात तथ्य आहे, त्यासाठी चित्रकलेचा तास मोकळाच राहू द्यावा. घराचा नकाशा, तबकडी, बादली ही कार्यानुभवाची कामे आहेत, तिथे वस्तू कामाला यावी ही अपेक्षा मुळातच आहे. वेळ नाही, साहित्य नाही ही तक्रारही ऐकू येते. बुटांचे खोके, चादर आणि जुनी बादली प्रत्येक गावात मिळते. वेळेची अडचण खरी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

सर्वात गंभीर आक्षेप जबाबदारीचा आहे आणि त्यापुढे मला हस्तकलेची मर्यादा स्पष्टपणे मान्य करावी लागते. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग पसरली, वरचे छप्पर शाकारलेले होते आणि ९४ मुले गेली. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मांडव पेटला आणि ४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यात मुलांची संख्या मोठी होती. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या एका व्यापारी संकुलातल्या शिकवणी वर्गात २२ जण गेले, मुले वरच्या मजल्यावरून उड्या मारताना साऱ्या देशाने पाहिली. यांतल्या एकाही मुलाला रांगत बाहेर पडायचे शिकवले नव्हते म्हणून हे घडले, असे कोणी म्हणणार नाही. शाकारलेले छप्पर, पेटणारे कापड, अपुऱ्या वाटा हे मोठ्यांचे निर्णय होते. कुंभकोणमनंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल देताना सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. वस्तू बदलल्याने काय साधते याचा एक आकडाही इथे आठवावा. अमेरिकेत १९९४ पासून लायटर लहान मुलांना सहज पेटवता येणार नाहीत अशा रचनेचे करणे बंधनकारक झाले आणि पुढच्या काही वर्षांत पाच वर्षांखालील मुलांनी लायटरशी खेळताना लागणाऱ्या आगी निम्म्याहून अधिक घटल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. एवढा परिणाम कुठल्याही रंगीत पुस्तिकेने साधलेला नाही. मग मुलांना शिकवायचेच कशाला, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर असे की नियम आणि रचना सुधारायला वर्षे लागतात आणि तोवर मूल त्याच जाळीच्या खोलीत झोपते. शिवाय नकाशासारखी हस्तकला मोठ्यांची जबाबदारी मुलावर टाकत नाही, ती मोठ्यांपुढे मांडते. ज्या हस्तकलेतून मोठ्यांना काहीच विचारले जात नाही तिच्याबद्दल हा आक्षेप पूर्ण लागू पडतो, आणि आज शाळांत होणाऱ्या बहुतेक हस्तकला तशाच आहेत, हे नाकारता येत नाही.

एक विचित्र गोष्टही इथे नोंदवली पाहिजे. आगीचे धडे देणारी हस्तकला कधी कधी स्वतःच आगीचे सरपण असते. कागदाच्या आकाशकंदिलात मेणबत्ती लावण्याची पद्धत आता मागे पडली, पण कागदाला टेकलेला उघड्या तारांचा बल्ब सर्रास दिसतो. गणपतीच्या मखरात वर्षानुवर्षे थर्माकोल, झुळझुळीत कापड, विजेच्या माळा आणि समई हाताच्या अंतरावर एकत्र असत. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली ती पर्यावरणासाठी, पण आगीच्या दृष्टीनेही ती हिताची आहे. कंदील करायला शिकवताना दिवा कागदापासून किती दूर असावा, होल्डरची तार सोललेली तर नाही ना, झोपताना तो कोण बंद करणार, हे त्याच कृतीचे भाग झाले तर वेगळ्या अग्निसुरक्षेच्या तासाची फारशी गरज राहणार नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत हीच दृष्टी वणव्याकडे वळवावी लागेल. उन्हाळ्यात गवत जाळले की पुढच्या पावसात चांगले उगवते या समजुतीने लावलेली आग डोंगरभर जाते. मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्याच्या परिसरातही वणवे कित्येक दिवस धुमसत होते. मातीचा डोंगर करून त्यावर वाळके गवत लावायचे आणि मधून जाळरेषेची मोकळी पट्टी काढायची, पेटवायचे मात्र काहीच नाही. वनरक्षकाला बोलावून ही पट्टी किती रुंद ठेवतात, केव्हा काढतात हे त्याच्या तोंडून ऐकवले की मुलांना गावाबाहेरच्या त्या काळ्या पट्ट्यांचा अर्थ लागतो.

वेळेचा प्रश्न राहिला. अग्निशमन सप्ताह एप्रिलमध्ये येतो तेव्हा शाळांत वार्षिक परीक्षांचे दिवस असतात आणि लगेच सुट्टी लागते. शहीद जवानांचे स्मरण त्याच आठवड्यात व्हावे, त्याला दुसरी तारीख नाही. पण मुलांची तालीम दोन हप्त्यांत विभागावी: जुलैत नकाशा आणि खोक्याचे घर, दिवाळीच्या सुट्टीआधी बादली, कंदील आणि वीस मिनिटांची तबकडी. सरावात खंड पडला की कौशल्य मंदावते, म्हणून जानेवारीत एकदा चादरीखालून रांगणे पुन्हा घ्यावे, त्याला अर्धा तासही लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शाळा सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्प्यावर खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे, त्यामुळे शाळेला यासाठी वेगळ्या परवानगीची वाट पाहायचे कारण नाही. बदलायचे आहे ते मोजमाप. पोस्टर स्पर्धेत रंगसंगती आणि सुबकपणा पाहिला जातो. त्याऐवजी एक महिना गेल्यावर, आधी न सांगता, प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याचा फोन हातात द्यावा, एकदा दाराकडे रांगायला लावावे, आणि नोंदवहीत ‘पत्ता पूर्ण सांगितला’, ‘दार हाताच्या मागच्या बाजूने तपासले’, ‘वीस मिनिटे पाणी हे सांगितले’, ‘घराला दुसरी वाट नाही असे नकाशात दाखवले’ अशा नोंदी कराव्यात. पहिल्या तीन नोंदी मुलाच्या प्रगतिपुस्तकात जातील. चौथी पालकांच्या नावे ठेवावी आणि पुढच्या पालकसभेत तिचे उत्तर मागावे.